तुरीत बसलेली बाई

लग्नकार्यात, बँकेच्या रांगेत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं ठेवून बसले असताना मला एकच प्रश्न विचारला गेला आहे. "काय हो, त्या बिनड्रायव्हरच्या गाड्यांचं काम तुम्ही करायचात ना? मग ठेवावा का त्यांच्यावर विश्वास?" या अंकाच्या संपादकांनीही लेखासाठी तोच विषय दिला. मी आजवर सगळ्यांना "अजून वेळ आहे" एवढंच सांगून पुढे सरकत आले. उत्तर खोटं नाही. पण ते देण्यामागे एक गोष्ट आहे आणि ती सांगायची मला लाज वाटते. म्हणून ती इतके दिवस राहून गेली.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती लोकांना सांगायची, "वहिनी कॉम्प्युटरवर गाड्या रंगवतात."

तसं ते फार चूकही नव्हतं. सोलापुरात, भवानी पेठेत एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडवर आमचं ऑफिस होतं. एका बाहेरच्या कंपनीच्या, कॅमेरे बसवलेल्या मोटारी आपल्याकडच्या रस्त्यांवर फिरायच्या आणि ते चित्रीकरण आमच्याकडे यायचं. त्यातलं एकेक चित्र पडद्यावर उघडून आमच्या बायका माउसने खुणा करायच्या. माणसाभोवती लाल चौकट, वाहनाभोवती निळी, जनावराभोवती पिवळी. आणि जिथून गाडी जाऊ शकते तेवढा भाग हिरवा भरायचा. अशी ढिगाने चित्रं दाखवली की यंत्र हळूहळू ओळखायला शिकतं. लहान मुलाला आपण बोट दाखवून गाय, कावळा शिकवतो तसंच. फरक एवढाच की हे मूल उलटून विचारत नाही. दाखवाल ते खरं धरतं.

मी तिथे सुपरवायझर होते. त्याआधी वीस वर्षं टायपिंगचे आणि कॉम्प्युटरचे वर्ग घेतले होते, त्यामुळे बायकांना शिस्त लावणं मला जमायचं. हाताखालच्या बायका हुशार होत्या. कुणी विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. कुणी तालुक्यातून लग्न होऊन आलेली. परदेशात छापलेलं नियमांचं पुस्तक आम्हाला दिलेलं होतं आणि आमच्या रस्त्यांपुढे ते रोज हरत होतं. सायकलवर चादरींचा एवढा मोठा गठ्ठा, की मागचा माणूस दिसतच नाही. लाल चौकट करायची की निळी? वरातीत डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका, त्यांना माणूस म्हणायचं की दिव्याचा खांब? स्कूटरवर दोन गुडघ्यांत धरलेलं वासरू? उसाच्या ट्रॉलीवर, उसावरच झोपलेला गडी? असं काही आलं की ऑफिसात हशा पिकायचा, सगळ्या उठून एका पडद्याभोवती जमायच्या आणि वाद घालायच्या. मी दोन मिनिटं घालू द्यायची आणि मग निकाल द्यायची. माझे निकाल बहुतेक बरोबर असायचे. हे मी फुशारकीने लिहीत नाही. पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे.

एकदा कंपनीच्या साहेबांचा फोन आला. तिशीतला, सभ्य माणूस, मला ताई म्हणायचा. म्हणाला, "ताई, करमाळ्याच्या बाजूला गाडी मधेच थांबते. रस्त्यावर काहीतरी कचरा पसरलेला असतो. गाडीला तो अडथळा वाटतो. काय असतं ते?"

मी चित्र पाहिलं आणि हसले. निम्म्या डांबरी रस्त्यावर तुरीची वाळलेली झाडं अंथरलेली होती.

"कचरा नाही साहेब, मळणी आहे ती. छोट्या रानात दोन पोती तूर नाहीतर उडीद होतो, त्याला कोण यंत्र आणणार? रस्त्यावर टाकतात. गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात. तुम्ही त्यावरून जावं म्हणूनच टाकलेलं असतं. थांबलात तर उलट त्यांचं काम अडेल."

मग साहेब म्हणाला, "हे आम्हाला दहा इंजिनियर बसवून कळलं नसतं, ताई."

त्यांच्या सांगण्यावरून मी नियमांच्या पुस्तकात जोडायला एक पान लिहिलं. रस्त्यावर अंथरलेलं पीक हा अडथळा नाही, तो रस्ताच आहे. हिरवा भरा. त्या पानाखाली माझं नाव छापलं गेलं. ऑफिसात केक आला. लाकडावर पितळी पत्रा ठोकलेलं मानचिन्ह आलं, ते मी घरी टीव्हीवर ठेवलं. परदेशातल्या पुस्तकात सोलापूरच्या बाईचं एक पान, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

मळणीची चित्रं भरायला फार वेळ लागायचा. तुरीच्या काटक्या कशाही पसरलेल्या, त्यांच्या कडेकडेने रेघ ओढायची म्हणजे एकेका चित्राला पाऊण तास. काम साचायला लागलं. तेव्हा मी दुसरा निकाल दिला. काटक्या मोजत बसू नका, अख्ख्या पिकाभोवती एकच मोठा घेर काढा आणि आत हिरवा ओता. काम सुरळीत झालं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी सुरेखाने मला हाक मारली. सुरेखा जेऊरजवळच्या गावातली. लग्न होऊन सोलापुरात आलेली, दोन मुलांची आई, कामाला चोख, बोलायला कमी.

"मॅडम, जरा येता का? ह्यात बाई हाय."

मी पडद्यावर वाकून पाहिलं. तपकिरी काटक्या आणि त्यात एक तपकिरी उंचवटा.

"कुठं आहे बाई?"

"ही काय. बसलीया. डोक्यावरनं गोणपाट घेतलंय."

"नुसतं गोणपाट आहे ते. दाणे भरायला ठेवलं असेल."

"नुसतं गोणपाट असं बसतंय व्हय, मॅडम? पाट बगा की तिची. वाकून दानं गोळा करतीया. आमी असंच बसतो. थंडीचं, धुरळ्याचं गोणपाट लागतंच."

शेजारच्या दोघी उठून आल्या. एक म्हणाली बाई आहे, एक म्हणाली नाही. अशा वेळेसाठी आमच्याकडे आणखी एक खूण होती, जांभळा झेंडा. त्याचा अर्थ 'शंका आहे'. झेंडा लावलेलं चित्र वरच्या लोकांकडे जायचं, ते पुन्हा तपासायचे. व्यवस्था चांगली होती. पण झेंडे जास्त झाले की वरून पत्र यायचं, तुमच्या माणसांना निर्णय घेता येत नाही का? आमच्यासारखी ऑफिसं इतर शहरांतही होती. पुढच्या वर्षीचं काम कुणाला द्यायचं ते ठरायचं होतं.

सुरेखाने त्या चित्राला झेंडा लावला. मग मागची चित्रं काढून त्यांतही लावायला लागली. आठवड्यात तिचे एकटीचे झेंडे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त झाले.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "सुरेखा, माणूस दिसला तर लाल चौकट कर. नाही दिसला तर हिरवा भर. मधलं काही नको."

"पर मधलंच असलं तर?"

"असू दे. ड्रायव्हर असतो ना गाडीत बसलेला."

ती जागेवर गेली. झेंडे मात्र लावत राहिली. काम पाठवायच्या दिवशी मी सगळे झेंडे एकत्र निवडले आणि पुसून टाकले. त्यासाठी एक बटण होतं. चहा निवायच्या आत झालं. झेंडा गेला की खाली जे भरलेलं असेल ते राहतं. खाली सगळीकडे हिरवा होता.

ते काम गेलं. आमच्या ऑफिसला उत्तम शेरा मिळाला.

पुढच्या जानेवारीत साहेबांनी मला गाडीत बसायचं आमंत्रण दिलं. करमाळ्याहून जेऊरच्या रस्त्याला चाचणी होती. परवानगी काढलेली होती, गाडीवर पाटी होती आणि नियमाप्रमाणे स्टिअरिंगवर माणूस होता. त्याचं नाव बसवराज. अक्कलकोटकडचा, पन्नाशीचा, अर्धं आयुष्य ट्रकवर गेलेलं. घरी कन्नड, बाहेर आपली सोलापुरी. साहेब पुढे त्याच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसला, मी मागे.

स्टिअरिंग आपोआप फिरत होतं आणि बसवराजचे दोन्ही हात मांडीवर होते, पंगतीला बसल्यासारखे.

मी विचारलं, "कसं वाटतं हो बसवराज?"

"काय सांगू ओ मॅडम. तीस वर्षं चालवायचा पगार घेतलो, आता न चालवायचा घ्यायलोय. घरात बायको म्हणती, असली नोकरी मला पण बघा की."

साहेबही हसला.

"एकच त्रास हाय. पाय ऐकत नाही. सारखा ब्रेककडं जातो. आणि ब्रेक दाबला की ह्यांच्या डब्यात लिहून येतंय. मग संध्याकाळी विचारणार, का दाबला, गरज होती का, गाडी स्वतः थांबली असती की. मागल्या आठवड्यात जास्त झाले म्हणून बोलणी खाल्ली."

"बोलणी नाही, फीडबॅक," साहेब म्हणाला.

"तेच ते," बसवराज म्हणाला.

पहिली मळणी लागली ती करमाळा सोडल्यावर थोड्याच वेळात. गाडी न थांबता, न कचरता, बेताच्या वेगाने तुरीवरून गेली. चाकांखाली शेंगा कडकड वाजल्या. साहेब मागे वळून म्हणाला, "बघितलंत ताई? ही तुमची कमाई!" मी खिडकीतून मागे पाहत होते. कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने हात वर केला होता. मला अगदी भरून आलं.

दुसरी मळणी एका वस्तीसमोर होती. लांबून मला तूर दिसली आणि तुरीत एक उंचवटा दिसला. गोणपाट.

मी ते ओळखलं. वर्षभरापूर्वी पडद्यावर पाहिलेलं होतं, अगदी तसंच. 'साहेब' एवढा शब्द माझ्या तोंडातून निघाला असेल. उंचवट्याने डोकं वर केलं. म्हातारीचा चेहरा सरळ आमच्याकडे वळलेला होता. ती उठली नाही. गाडीचा वेग कमी झाला नाही.

बसवराज ओरडला आणि त्याने ब्रेक दाबून स्टिअरिंग ओढलं. गाडी तिरकी होऊन रस्त्याच्या खाली उतरली. म्हातारी अंग टाकून बाजूला कलंडली होती. तिच्या हातातलं सूप चाकाखाली चपटं झालं होतं.

तिचं नाव शेवंताबाई. मनगट मोडलं, कंबरेला मुका मार. करमाळ्याच्या दवाखान्यात प्लास्टर घालेपर्यंत मी तिच्याजवळ बसून होते. ती रडली नाही. तिला फक्त एक गोष्ट कळत नव्हती आणि ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती.

"त्यो माज्याकडं बगत हुता की गं. मी त्याच्याकडं बगितलं, त्यानं माज्याकडं बगितलं. मग म्हनलं, बगितलंय त्यानं, आता कडंनं जाईल. रोज जात्यात. म्हनून निवांत बसले. बगून बी कसा काय आला त्यो अंगावर?"

मी म्हणाले, "गाडीत बिघाड झाला, मावशी."

"तरी म्हनलं. मानसानं बगितल्यावर असं कसं हुईल."

बसवराज व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. त्याने हे ऐकलं. त्याच्याकडे मान वर करून बघायचं माझ्याने झालं नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी एक कागद पाठवला. त्यात लिहिलं होतं, चाचणीच्या वेळी पीक अंथरलेल्या रस्त्यावर व्यक्ती बसलेली होती. चालकाने वेळेत ताबा घेतला नाही. गाडीत हजर असलेली साक्षीदार म्हणून खाली माझी सही हवी होती. कागदातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्याने वेळेत ताबा घेतला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी सही केली. बसवराजला कमी केलं. आमच्या ऑफिसला पुढच्या वर्षीचं काम मिळालं.

यंत्राला ती बाई का दिसली नाही, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मी इंजिनियर नाही. आमच्यासारख्या चार ऑफिसांचं काम त्यात मिसळलेलं असतं. कॅमेऱ्याचं काही असेल, उन्हाचं असेल. या सगळ्या शक्यता तेव्हा मी स्वतःला दिवसातून कितीतरी वेळा ऐकवत होते. पण पीक म्हणजे रस्ता हे त्याला मी शिकवलं होतं. पिकात कधीकधी माणूस असतो हे ज्या झेंड्यांनी त्याला कळलं असतं ते माझ्या हाताने पुसले होते. आणि त्या कागदावर झेंड्यांचा उल्लेख नव्हता, कारण ते किती होते आणि कुठे होते हे फक्त दोघींना माहीत होतं. मला आणि सुरेखाला.

अपघाताची बातमी ऑफिसात पोचलीच. जेवणाच्या सुट्टीत सुरेखा माझ्या टेबलापाशी आली. हातात डबा, भाकरीचा घास अजून तोंडात.

"मॅडम, गोणपाट हुतं का तिच्या डोक्यावर?"

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

तिने तोंडातला घास गिळला. मग "बरं" म्हणून जागेवर गेली. त्या दिवसापासून तिने एकही झेंडा लावला नाही. काहीही शंका आली तरी लाल चौकट करायची. दगडाला लाल, पोत्याला लाल, कुंपणावर वाळत घातलेल्या लुगड्याला लाल. तिची चुकांची यादी माझ्याकडे यायची आणि मी न वाचता सही करायची. सहा महिन्यांनी वरून पत्र आलं, या कर्मचाऱ्याच्या चुका फार आहेत. तिला काढायचं पत्र टाइप करायला घेतलं आणि दोन ओळींवर थांबले. शेवटी माझाच राजीनामा टाइप केला. यात मोठेपणा काही नाही. तिच्यासमोर बसून ते पत्र देणं मला झेपलं नसतं, एवढंच. तिला नंतर माझ्या जागी आलेल्या माणसाने काढलं.

गेल्या पावसाळ्यानंतर मी बसवराजला शोधून काढलं. अक्कलकोट रस्त्याला एका दुधाच्या टेम्पोवर तो आहे. टेम्पो सावलीत लावून कॅन धूत होता. मी त्याला सगळं सांगितलं, सुरेखा, झेंडे, बटण, सही. त्याने कॅन खाली ठेवला नाही, धुतच राहिला. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुमचं यंत्राचं मला कळत नाही," तो शेवटी म्हणाला. "मला ती दिसली होती. लांबूनच. पाय उचललो पण होतो. मग डोक्यात आलं, परत लिहून येणार, परत विचारणार. म्हणून ठेवलो खाली. तेवढ्यात जवळ आली. तुम्ही सही केला त्यात खोटं काय नाही."

"खोटं नाही, पण पूर्ण नाही."

"मग पूर्ण करून द्या की."

मी लिहूनच नेलं होतं. तीन पानं, सगळं क्रमाने, खाली माझं नाव आणि सही. एक प्रत कंपनीला पाठवली होती. त्यांची एका ओळीची पोच आली होती, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. दुसरी प्रत बसवराजला दिली. त्याने ओले हात शर्टाला पुसले, कागद उलटसुलट पाहिला आणि टेम्पोत देवाच्या फोटोमागे खोचला.

"ह्याचा आता काय उपयोग नाही ओ," तो म्हणाला. "पण बायकोला दाखवतो. तिला वाटतंय मी झोपलो होतो."

शेवंताबाईकडे जायला मला आणखी तीन महिने लागले. जेऊर रस्त्यावर त्याच वस्तीसमोर तूर अंथरलेली होती आणि ती तुरीतच बसली होती. गोणपाट, नवं सूप. मी लांबच गाडी थांबवून चालत गेले. मनगट वाकडंच जुळलेलं होतं, सूप धरताना कोपर बाहेर काढावं लागत होतं. मला तिने ओळखलं. घरात चल म्हणाली, चहाचं विचारलं. मी तिथेच कडेला दगडावर बसले आणि सांगायला आले होते ते सांगितलं. गाडीत बिघाड नव्हता. गाडी बसवराज चालवत नव्हता, गाडी आपली आपण चालली होती. गाडीला तुम्ही दिसला नाहीत, कारण दाखवायचं काम आमचं होतं आणि मी ते होऊ दिलं नाही.

ती ऐकत होती. किती समजलं, मला सांगता येणार नाही. मधेच तिने विचारलं, "म्हंजे त्यो नुसता बसला हुता?"

"हो."

"आन् मी त्याच्या भरवशावर बसले हुते."

तेवढ्यात करमाळ्याच्या बाजूने एक जीप येताना दिसली. अजून खूप लांब होती. शेवंताबाईने सूप खाली ठेवलं, चांगला हात जमिनीला टेकला आणि कण्हत कण्हत उठायला लागली. मी घाईने म्हणाले, "बसा मावशी, आत ड्रायव्हर आहे. बघतोय तो."

"असंल की," ती म्हणाली. "पर आता मी उटतेच बाई. कुनी बी बगू दे."

जीपवाल्याने वेग कमी केला, आमच्याकडे बघून हात केला आणि कडेकडेने तुरीवरून गेला. शेंगा वाजल्या. ती धुरळा बसेपर्यंत माझ्याशेजारी उभी राहिली. मग परत आत जाऊन बसली आणि दाणे गोळा करू लागली. पुढची गाडी दिसेपर्यंत.